दुपारी गायलेली भूपाळी

कुंभकोणम् ला कसं जावं, किती दिवस ठेवावेत, असं विचारणारे चार निरोप या महिन्यात मला आले. कुणीतरी कुठेतरी लिहिलंय म्हणे की या ब्लॉगवाल्या आजीबाई तिकडे जाऊन आल्या आहेत. आल्या आहेत खऱ्या, पण एकदाच, आणि तेही पन्नासच्या दशकात, जेव्हा हिशोब अजून आण्यांत चालायचा. त्यामुळे हॉटेलांची नावं माझ्याकडे मागू नका. एक गोष्ट मात्र तेव्हाही खरी होती आणि आजही आहे, ती आधीच सांगून टाकते: तिथली देवळं दुपारी बारा ते चार बंद असतात. देव निजतो. गाभाऱ्यापुढे बाराला पाच मिनिटं कमी असताना धापा टाकत पोचलात, तरी कुणी दार धरून ठेवणार नाही. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि मुंबईत एका सरकारी संग्रहात कार्डं लिहायचं काम करत होते. तिथे एका लोखंडी कपाटात इंग्रजांच्या वेळच्या ग्रामोफोनच्या तबकड्या होत्या. कुणा साहेबाने गावोगाव फिरून, लोकांना भोंग्यापुढे बसवून त्यांच्या बोलीचे नमुने घेतले होते. त्यात गोष्टी होत्या, आकडे मोजणं होतं, थोडी गाणीही होती. साहेब परत गेला, तबकड्या राहिल्या. त्या कुणी ऐकायला येत नसे. आमचे मुख्य अधिकारी त्यांना ‘ठेव’ म्हणायचे, आणि ठेव कुणाची असं विचारलं की चष्मा पुसायला घ्यायचे.

एक दिवस मोडीत लिहिलेलं एक पत्र आलं. ऑफिसात मोडी कुणालाच वाचता येईना. मला यायची, कारण माझ्या वडिलांनी सुट्ट्यांत मला जबरदस्तीने शिकवली होती आणि त्याबद्दल मी त्यांना मनातल्या मनात बरंच काही बोलले होते. पत्र कुंभकोणम् च्या रुक्माबाईंचं होतं. घराणं मराठ्यांच्या राज्याबरोबर दोन-अडीचशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेलं, त्यामुळे भाषा मराठी, पण कशी, तर आपल्या पणजीच्या पणजीने लिहिली असावी अशी. मजकूर थोडक्यात असा: त्यांचे वडील भीमराव तिथल्या एका लहानशा विठ्ठल मठात भजन करायचे. धनुर्मासात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत, पहाटे देवाला उठवायची एक भूपाळी त्या घरात पिढ्यान् पिढ्या होती. ती घरातल्या एकाच कर्त्या पुरुषाने म्हणायची, बाकीच्यांनी फक्त टाळ धरायचे, अशी रीत. चाळीसेक वर्षांपूर्वी साहेबाने भीमरावांना बोलावून तीच भूपाळी भोंग्यात घेतली. पुढच्याच वर्षी साथीच्या तापात भीमराव गेले, तेव्हा रुक्माबाई नऊ वर्षांच्या. शब्द वहीत राहिले, चाल त्यांच्याबरोबर गेली. तेव्हापासून धनुर्मासात पहाटे त्या मठात सगळे उभे राहतात, टाळ वाजतात, भूपाळीला लागेल तेवढा वेळ वाजत राहतात, आणि गात कुणीच नाही. मद्रासला नोकरीत असलेल्या त्यांच्या एका नातेवाईकाने छापील यादीत आमच्या तबकडीची नोंद पाहिली होती. शेवटी लिहिलं होतं, ‘आमच्या बाबांचा कंठ तुमच्या कपाटांत आहे. तो आम्हांस द्यावा. ती चाल ओळखणारी एक काशीअत्या तेवढी उरली आहे आणि ती फार थकली आहे.’

मी तबकडी शोधून काढली. कार्डावर टाइप केलेलं होतं: मराठी, कुंभकोणम्, पहाटेचं भक्तिगीत, गायक स्थानिक पुरुष. झालं! एवढाच माणूस.

आमच्या मुख्य अधिकाऱ्यांकडे गेले. ते म्हणाले, तबकडी बाहेर जाणार नाही, नकलेची सोय नाही, बाईंना ऐकायची असेल तर रीतसर अर्ज करून कामाच्या वेळेत इथे यावं. मी म्हटलं, त्या कधी मद्रासलाही गेलेल्या नाहीत. ते म्हणाले, मग आपण काय करणार? मला असा राग आला की डबा खावासा वाटेना. आणि त्या न खाल्लेल्या डब्याच्या वेळेतच मला सुचलं. तबकडी बाहेर जात नाही ना, राहू दे. कामाच्या वेळेत ऐकायला कुणाची मनाई नव्हती. पुढचे पंधरा दिवस रोज दुपारी मी ती लावली आणि पाठ केली. गळा माझा बेताचा, पण कान पक्के. श्वास कुठे घेतलाय, स्वर कुठे थरथरलाय, दुसऱ्या कडव्याआधी भीमराव बारीक खाकरले आहेत, ते सगळं मी उचललं. खाकरणंसुद्धा.

आईने घर डोक्यावर घेतलं. एकटी मुलगी, मद्रासच्या पलीकडे, ओळख ना पाळख, आणि कशासाठी, तर गाणं पोचवायला! वडील एवढंच म्हणाले, मोडी मीच शिकवली, आता निस्तरायला हवं. त्यांनी धनुर्मासातलं तिकीट काढून दिलं, आणि चाल घेऊन येतेय असं मी रुक्माबाईंना मोडीत कळवलं.

बोरीबंदराहून मद्रास मेलच्या बायकांच्या डब्यात बसले. एक रात्र आणि वर जवळजवळ दीड दिवस. रायचूर मागे पडल्यावर कोळशाची पूड केसांत, कानांत, डब्यातल्या दशम्यांवर. मी मनातल्या मनात भूपाळी घोकत होते, ओठ हलत असावेत, कारण समोरच्या बाईने आपलं पोर माझ्यापासून जरा लांब सरकवलं. मद्रासला स्टेशन बदलून एग्मोरहून लहान रुळांची गाडी. ती रात्रभर डुलत डुलत जाते आणि सकाळी भाताच्या शेतांतून कुंभकोणम् ला सोडते. आता गाड्या बऱ्याच आहेत, पण सकाळी पोचणारीच धरा. ते हिरवं-पिवळं शिवार उजाडताना बघायला मिळतं.

स्टेशनवर रुक्माबाई आणि त्यांचे यजमान पांडुरंगराव आले होते. रुक्माबाई पन्नाशीच्या, नऊवारीसारखं पण आपल्यापेक्षा वेगळं काहीतरी नेसलेल्या. गाडीवाल्याशी तमिळमध्ये कडाडल्या, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “बहु दूर आलीस गे पोरी. आधीं कापी पी.” बाहेर तमिळ आणि घरात मराठी हा बदल त्या उंबरठ्यावर चप्पल काढावी इतक्या सहज करायच्या. माझ्या मराठीला मात्र त्या दिवसभर हसत होत्या. माझं ‘पाहिजे’ आणि ‘मला’ त्यांना फार नवं, बाजारातलं वाटे. आणि मला त्यांचं ‘मज’ आणि ‘तुमास’ ऐकून पोथीतल्या माणसांशी गप्पा मारतेय असं वाटे. ती कॉफी पितळेच्या पेल्यात आणि वाटीत मिळते. वरून ओतून फेस आणायचा असतो. मी पहिल्या ओतण्यात निम्मी पदरावर घेतली.

न्याहारी झाल्याबरोबर आम्ही दोघी जटक्याने, म्हणजे तिकडच्या घोडागाडीने, इन्नंबूरला निघालो, काशीअत्यांना आणायला. काशीअत्या भीमरावांची धाकटी बहीण. तिकडच्या रीतीप्रमाणे रुक्माबाई आपल्या आत्याच्याच घरी सून म्हणून गेल्या होत्या, म्हणजे या अत्याच त्यांच्या सासूबाई. धाकटा मुलगा पांडुरंगराव मठ सांभाळायला गावात राहिला आणि अत्या थोरल्याबरोबर शेतावर. स्वामीमलै ओलांडलं की पुढे इन्नंबूर, जुनं देऊळ आणि बाजूने पिकलेला भात. स्वामीमलैला पितळी आणि पंचधातूच्या मूर्ती ओततात, तेही वाटेत बघण्यासारखं आहे. मी बघितलं नाही. माझं लक्षच नव्हतं.

अत्या ऐंशीच्या घरात, ओट्यावर बसल्या होत्या. कान बरे होते, नजर गेलेली. माझा हात हातात घेऊन त्यांनी बोटं चाचपली आणि गाणारीचे हात वाटत नाहीत म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं की लग्नानंतरही दर धनुर्मासात त्या माहेरी यायच्या. बायकांना मठात पुढे उभं राहायची चाल नव्हती. पहाटे त्या चुलीपाशी पोंगल ढवळत असत आणि भिंतीपलीकडून दादाची भूपाळी येई. “ऐकलें कीं ओळखीन,” त्या म्हणाल्या. “पण आठवूं गेलें कीं येत नाहीं. चाळीस वर्षें झालीं, रोज आठवूं जातें.”

परत येताना जटक्यात मला राहवेना. ऊन चढलं होतं, घोडा रमतगमत चालला होता, आणि जिच्यासाठी एवढ्या लांब आले ती माझ्या शेजारी बसलेली. मी म्हटलं, अत्या, म्हणून दाखवू का? मी पहिला स्वर लावायच्या आत रुक्माबाईंनी माझ्या तोंडावर हात ठेवला. खरोखर ठेवला. भूपाळी दुपारी म्हणायची नसते. देव निजलेला असतो, त्याला भलत्या वेळी उठवणं म्हणजे अपराध. उद्या पहाटे, मठात, देवापुढे. मी मनात म्हटलं, बायांनो, मी तर ही पंधरा दुपारी ऐकत होते.

घरी जेवण सांबार-भात, पिठलं आणि केळफुलाची भाजी. सांबार आमचंच, इकडच्या मराठ्यांनी पहिल्यांदा केलेलं, असं पांडुरंगरावांनी मला बजावून सांगितलं. पोस्टातून निवृत्त झालेला हा माणूस फारसं बोलत नसे, पण सांबाराबद्दल बोलला. नंतर एक गोष्ट हळूच काढली. मठात आजवर बाईने भूपाळी म्हटलेली नाही, तेव्हा मी ती त्यांना शिकवावी आणि उद्या त्यांनी म्हणावी. रुक्माबाईंनी भाताचा डाव खाली ठेवला. “कधीं शिकाल? आतां दुपार आहे. आणि उद्यां उजाडल्यावर शिकून काय, परवां उठवाल देवास? अत्या परवांपर्यंत राहील हें कोण सांगतो?” पांडुरंगराव ताकभात कालवू लागले. ठरलं मग.

संध्याकाळी महामहम तलावाभोवती एक फेरी मारली, विड्याच्या पानांच्या गल्लीतून आलो. तिथली पानं घ्याच, कोवळी आणि तिखट. पण दोन रात्रींच्या प्रवासाने मी पुरती मोडले होते. आल्या आल्या भिंतीला टेकले आणि तशीच झोपले. रुक्माबाईंनी जेवायला हाक मारली म्हणे, मी हूं म्हणून कूस बदलली. रात्री मठात शेजारती झाली, ती माझी हुकली. ती ऐकली असती तर दुसऱ्या दिवशीची माझी फजिती टळली असती. आणि मग पुढचं काहीच झालं नसतं.

पहाटे चारला मला उठवलं. विहिरीचं पाणी असं गार की दात वाजले. दारोदार ओल्या अंगणात बायका रांगोळ्या काढत होत्या. मठ म्हणजे एक लांबट खोली, मधे समई, पुढे दार लावलेला देव्हारा. बारा-पंधरा माणसं होती. अत्यांना आज पहिल्यांदाच चुलीपासून उठवून पुढे भिंतीशी बसवलं होतं. रुक्माबाई त्यांच्या मागे उभ्या. त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं. चाळीस वर्षं थांबलेल्या लोकांपुढे मी उभी होते आणि माझ्या बेताच्या गळ्यात त्यांची एवढी मोठी वस्तू होती.

टाळ सुरू झाले. मी डोळे मिटले आणि सुरुवात केली: ‘उठी सावळ्या, कावेरी जागी झाली.’

दोन ओळी झाल्या. मागे कुणीतरी हसू दाबल्यासारखं वाटलं. मी रेटून गात राहिले. टाळ अडखळले. दुसऱ्या कडव्याआधी मी भीमरावांसारखं खाकरले, आणि रुक्माबाईंच्या तोंडून एक हुंदका फुटला. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात अत्यांनी जमिनीवर हात आपटला.

“अगे, देवास उठवितेस कीं निजवितेस?”

सगळे हसले. पांडुरंगरावसुद्धा. मला काही कळेना. मग रुक्माबाईंनी डोळे पुसत सांगितलं, चाल शेजारतीची आहे. रोज रात्री याच खोलीत, देवाला निजवताना आम्ही म्हणतो तीच. शब्द भूपाळीचे, चाल अंगाईची.

क्षणभर मला वाटलं, साहेबाने यंत्रात काहीतरी घोळ घातला असेल. मग रुक्माबाईंनीच विचारलं, साहेबाने हे कोणत्या वेळी गाऊन घेतलं होतं? मी आठवून पाहिलं. तबकडीच्या सुरुवातीला इंग्रजीत तारीख आणि वेळ कुणीतरी वाचतो, ती वेळ होती दुपारी दोन. महिना मे. मी सांगितलं. धनुर्मास नाही, पहाट नाही, देव निजलेला. साहेब म्हणतोय, भूपाळी गा. हुकूम मोडता येत नाही आणि देवाला उठवताही येत नाही. भीमरावांनी साहेबाला शब्द दिले आणि देवाला अंगाई म्हटली. ज्या गोष्टीसाठी मी हजार मैल आले ती त्या कपाटात कधी नव्हतीच. त्यांनी ती दिलीच नव्हती.

मला रडूच कोसळलं. मेल्या तबकडीने पंधरा दिवस फसवलं, मी या माणसांना एवढी आशा लावली, आणि आणलं काय तर रोजचंच. मी अत्यांची माफी मागायला वाकले. अत्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्या मान हलवत होत्या, पोराने पाढा चुकवल्यावर मास्तर हलवतात तशी, आणि पुटपुटत होत्या, “ऐसें नव्हे. ऐसें नव्हे गे. दादा वर जाऊन धरी. उठी म्हणजे उठी, खालीं कसें उठेल कोणी...”

आणि त्यांनी ते वर जाऊन धरलं.

आवाज चिरका, निम्मा वारा. पण ‘उठी’ असं उंच लागलं की थांबलेले टाळ आपोआप पुन्हा सुरू झाले. ‘उठी सावळ्या, कावेरी जागी झाली’ ही ओळ अख्खी आली, मग पुढची अर्धी. मग त्या थांबल्या. तोंड उघडं राहिलं. पुढे काही येईना. टाळवाले थांबले नाहीत. पांडुरंगरावांनी डोळे मिटून ठेका तसाच चालू ठेवला, आणि राहिलेली सगळी भूपाळी, रोजच्यासारखी, टाळांवर नुसती गेली. शेवटी देव्हाऱ्याचं दार उघडलं. त्या घरात बाईने म्हटलेली ती पहिली भूपाळी, आणि ती दीडच ओळ.

पोंगल खाताना, मिऱ्याचा आणि तुपाचा तो ऊन ऊन गोळा हातावर घेतला असताना, मी अत्यांना विचारलं की चाळीस वर्षं आठवलं नाही ते आज कसं आलं. त्या म्हणाल्या, “कोणी चुकीचें म्हणायास मिळालें नव्हतें.”

मी आणखी चार दिवस राहिले. तिरुनागेश्वरम् ला जाऊन आलो, पापनाशम् ला रुक्माबाईंच्या नणंदेकडे जेवलो. रोज पहाटे अत्या दीड ओळ म्हणायच्या, रुक्माबाई मागून म्हणायच्या, बाकीचं टाळ. पुढची अर्धी ओळ आली नाही. यावी म्हणून मी मुद्दाम दोनदा चुकीचं गायले. अत्या हसल्या फक्त. निघताना रुक्माबाईंनी माझ्याकडे दोन गोष्टी मागितल्या. एक, बाबांचं नाव तिथे लिही. दुसरी त्यांनी स्टेशनवर, गाडी हलताना मागितली. “तें खाकरणें,” त्या म्हणाल्या, “एकदां आणखी कर.” मी खिडकीतून खाकरले. फलाटावरचे लोक बघत राहिले.

मुंबईला आल्यावर मी आमच्या मुख्य अधिकाऱ्यांना म्हटलं, कार्ड दुरुस्त करायला हवं, ही भूपाळीची चाल नाही. त्यांनी विचारलं, लेखी पुरावा आहे का? नव्हता. मग मी ‘स्थानिक पुरुष’ या शब्दांखाली पेन्सिलीने ‘भीमराव’ लिहिलं आणि कार्ड परत लावलं. अत्या त्याच उन्हाळ्यात गेल्या. रुक्माबाईंची मोडी पत्रं मला पुढे वीस वर्षं येत होती, आणि प्रत्येक धनुर्मासानंतरच्या पत्रात असे, यंदाही दीड ओळ म्हटली.

आता त्या सगळ्या तबकड्या संगणकावर चढवल्या आहेत. भाचीने मला लावून दाखवली. कार्डाचा फोटोही आहे, त्यात माझी पेन्सिल स्पष्ट दिसते. मला फार बरं वाटलं, ते लपवत नाही. कपाट निदान उघडलं. पण जे ऐकतील त्यांना वाटेल, ही कुंभकोणम् ची भूपाळी. म्हणून हे लिहिलं. धनुर्मासात तिकडे गेलात आणि एखाद्या लांबट खोलीत पहाटे कुणी दीड ओळ गाऊन थांबलं, पुढे नुसते टाळ वाजत राहिले, तर ते विसरले आहेत असं समजू नका. आणि कृपा करून यंत्र काढू नका.

गेल्या महिन्यात एका विद्यापीठातून दोघं घरी आले होते. चांगली माणसं. अत्यांची दीड ओळ जिवंत माणसांपैकी आता इकडे मलाच येते, ती त्यांना जपून ठेवायची होती. मी म्हटलं, धनुर्मासात या, पहाटे पाचला. ते म्हणाले, आजी, ऑफिसची गाडी आजच्यापुरतीच आहे. त्यांनी टेबलावर ते छोटं यंत्र ठेवलं. घड्याळात पावणेतीन वाजले होते. खूपच आग्रह केला, तेव्हा मी घसा साफ केला आणि भूपाळी म्हटली, अगदी शेवटपर्यंत, भीमरावांच्या मधल्या खाकरण्यासकट. ते म्हणाले, फारच गोड चाल आहे. गाणं संपता संपता त्यांच्यातल्या एकाने तोंडावर हात धरून मोठी जांभई दिली.